पाय दाबा, पाय सोडा

"द्रव दाबला तर दबत नाही. हवा दाबली तर दबते. एवढं ज्याला कळलं त्याला ब्रेक कळले. याच्यापुढे त्यात काही नाही," असं जावयाने रविवारी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात, हातात चहाचा कप घेऊन, अगदी मोकळेपणाने जाहीर करून टाकलं.

ऐकायला दोघंच होती. सासूबाईंनी मान डोलावली. जावयाच्या प्रत्येक वाक्याला त्या मान डोलावत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी जावई अजून पहिल्यांदाच घरी आलेला होता. सासऱ्यांनी मान डोलावली नाही. त्यांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि उरलेल्या डोळ्याने ते जावयाच्या कडक इस्त्रीच्या पँटकडे बघत होते.

"गॅरेजवाला पुढच्या आठवड्याच्या शेवटी येतोय," ते म्हणाले.

"पण परीक्षा उद्या आहे, बाबा."

"म्हणूनच म्हणतोय."

परीक्षा सासूबाईंची होती, गाडी चालवण्याची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना स्टिअरिंगपासून कायमची रजा दिली, तेव्हा त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. ज्या बाई आयुष्यभर डावीकडच्या सीटवर मांडीत पर्स धरून बसल्या होत्या, त्याच तेव्हा म्हणाल्या, "मी शिकते." सासरे हसले. त्यांना खोकला येईपर्यंत हसले. पण सासूबाई खरोखरच क्लासला जाऊ लागल्या, कोपऱ्यावर वळू लागल्या, मागे घेऊ लागल्या, तसं सासऱ्यांचं हसू आटलं आणि त्यांनी अट घातली.

"क्लासच्या गाडीत कोणीही पास होतं. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. आपल्या गाडीत पास झालीस तर गाडी तुझी. नाही झालीस तर मंगळवारी गिऱ्हाईक येतंय, त्याच्या हातात किल्ली देऊ."

सासूबाई यावर "बरं" एवढंच म्हणाल्या होत्या. पण त्यानंतर रोज सकाळी त्या उभ्या गाडीत जाऊन पाच-दहा मिनिटं नुसत्या बसत, हे जावयाला बायकोकडून कळलं होतं.

आणि नेमकं आता गाडीखाली काळपट ओल दिसू लागली. गॅरेजवाल्याने खाली डोकं घालून सांगितलं की ब्रेकच्या नळ्या गंजल्यात, एक तर गळतेय, सगळ्याच बदलायला हव्यात. आणि एवढं सांगून तो दुकान बंद करून गावाला निघून गेला.

जावई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. नळ्या, जोड, गळती यांच्यातच त्याचा दिवस जाई. शिवाय या घरात आपण काही करून दाखवावं, ही त्याची जुनी इच्छा होती. सासऱ्यांनी आजवर त्याला एकच काम सांगितलं होतं: "तो रिमोट जरा इकडे द्या."

तेव्हा त्याने हातातला कप खाली ठेवला, पँट बदलली, आणि तो कामाला लागला. आणि खरं सांगायचं तर, त्याने काम चांगलं केलं. गाडी चारी बाजूंनी मजबूत स्टँडवर चढवली, चाकं उतरवली, गंजक्या नळ्या काढून नव्या बसवल्या, एकेक जोड पुसून, दिवा लावून तपासला. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं जागच्या जागी. कुठेही थेंब नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

हात पुसून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि त्याने ब्रेकचं पेडल दाबलं. पेडल खाली गेलं. आणखी खाली गेलं. तळाला टेकलं तरी कुठे अडलं म्हणून नाही. मऊ उशीवर पाय ठेवावा तसं.

"काय झालं?" सासरे व्हरांड्यातून म्हणाले. एका डोळ्यानेही त्यांना जावयाचा चेहरा स्पष्ट दिसला होता.

"काही नाही. हवा आहे आत. नळ्या बदलल्या की हवा शिरणारच. काढून टाकायची."

"कशी?"

"अगदी सोपं. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी जो बारीक नट असतो तो सोडायचा. हवा फसफसून बाहेर येते. मग नट घट्ट करायचा, आणि नट घट्ट झाल्यावरच पेडलवरचा पाय काढायचा. संपलं."

इतकं स्पष्ट, मुद्देसूद वर्णन पुस्तकातही सापडलं नसतं. त्यात एकच उणीव राहिली. ज्यांनी पेडल दाबायचं होतं त्या सासूबाई तेव्हा आत भांडी लावत होत्या.

बायको कामासाठी परगावी गेलेली, सासऱ्यांना डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली. राहिल्या सासूबाई. जावयाने त्यांना हाक मारली.

"आई, तुम्ही फक्त आत बसा. मी सांगेन तसं करायचं. बाकी काही नाही."

"हो हो," सासूबाई म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला. आरसा नीट केला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. गाडीला चाकं नव्हती, पण क्लासमध्ये तसं शिकवलं होतं.

जावई पाठीवर सरकत गाडीखाली गेला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. त्याने नटाला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक सरबताच्या रिकाम्या बाटलीत सोडलं, पाना बसवला, आणि खणखणीत आवाजात हाक दिली.

"आई, पाय दाबा."

कुंपणापलीकडे, खिडकीशी शिलाईचं मशीन चालवत शिवणकाम करणाऱ्या बाई बसत. त्यांचं मशीन दिवसभर टकटक करी, आणि आसपास ऐकण्यासारखं काही असलं की तेवढ्यापुरतं थांबे. आत्ता ते थांबलं. बाईंनी मान वर केली. कुंपणाच्या जाळीतून त्यांना गाडीचा खालचा भाग दिसत होता आणि त्याखालून आलेले, पसरलेले, जावयाचे दोन पाय.

"दाबला हं," सासूबाई गाडीतून म्हणाल्या. जावयासमोर त्यांचा आवाज इतका हळू होई की तो त्यांच्या त्यांना तरी ऐकू जात असेल का, ही शंकाच होती. कुंपणापलीकडे तर मुळीच गेला नाही.

"नीट दाबा. जोर लावून दाबा. हां, आता असंच धरून ठेवा," जावई म्हणाला, आणि त्याने पाना फिरवला. "सोडला."

नट सोडला, असं त्याला म्हणायचं होतं. तसं तो म्हणालाही असता, पण त्याच क्षणी ऑइलचा एक थेंब त्याच्या चष्म्याच्या काचेवर पडला आणि "नट" हा शब्द राहून गेला. सासूबाईंनी "सोडला" ऐकलं. अरे बापरे, सोडायचा होता वाटतं, आणि आपण अजून दाबूनच बसलोय. त्यांनी झटकन पाय काढला.

जावयाला नळीत फसफस ऐकू आली. त्याला समाधान वाटलं. निघाली हवा.

हा प्रकार त्याने चारी चाकांना केला. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मग त्याच्या शेजारचं, असं शिस्तीत. मग बाहेर येऊन त्याने पेडल दाबून पाहिलं. उशी होती तिथे आता गादी झाली होती.

"निघाली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"निघतेय. बरीच होती आत."

"हवा काढताय ना? भरत नाही ना?"

जावई हसला. विनोद चांगला होता. तो पुन्हा गाडीखाली गेला.

आता काम जोरात सुरू झालं. "पाय दाबा. दाबा, दाबा. धरा. सोडला. पुन्हा दाबा." सासूबाई प्रत्येक वेळी मनापासून दाबत होत्या आणि "सोडला" ऐकलं की आधीपेक्षा जास्त चपळाईने पाय काढत होत्या. आपल्याला उशीर होतोय आणि जावई भिडस्तपणामुळे बोलत नाहीत, अशी त्यांची खात्री पटली होती. मध्येच बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालं.

"बाबा, ती बाटली घ्या. भरा. वरपर्यंत भरा. सांडू नका हं, एक थेंब वाया घालवायचा नाही."

कुंपणापलीकडे मशीन पुन्हा थांबलं.

सासऱ्यांनी एका डोळ्याने अंदाज घेत ऑइल भरलं आणि ते आत जाऊन आडवे झाले. खिडकी उघडी होती. बाहेरून जावयाचा आवाज येत राहिला. आता तो दमला होता, आणि दमल्यावर त्याचे शब्द सैल होत.

"दाबा... धरा... सोडला... आता सोडा. सोडा, आई. सोडा."

सासरे उठून बसले. मघाशी बाटली, आता सोडा. बाहेर चांगलं टळटळीत ऊन होतं. पण त्यांना वाटलं, माणूस दमलाय, सकाळपासून आपल्याच गाडीखाली पडलाय, आणि घरचाच आहे. त्यांनी फ्रीज उघडला, सोड्याची थंडगार बाटली काढली, आणि बाहेर येऊन, न वाकता गुडघ्यांत बसून, ती त्या दोन पायांच्या मध्ये ठेवली.

"हा घ्या. बाकीचं आमच्याकडे नसतं, पण सोडा आहे."

"कसला सोडा?" गाडीखालून आवाज आला.

"मघापासून मागताय तो."

जावयाने हात बाहेर काढला, बाटली चाचपली, आणि विचार करण्याइतकी ताकद न उरल्यामुळे "थँक्यू बाबा" म्हणाला.

कुंपणापलीकडचं मशीन यानंतर बराच वेळ सुरूच झालं नाही. शिवणाऱ्या बाईंना तसं कोणाच्या घरात डोकावायची सवय नव्हती. पण जावयाच्या आईची, म्हणजे विहीणबाईंची, ट्रॅक-पँट त्यांच्याकडे इलॅस्टिक बदलायला आलेली होती, आणि ती तयार झाल्याचं कळवणं हे तर त्यांचं कामच होतं. त्यांनी फोन लावला.

"ताई, पँट झालीय. केव्हाही न्या. हो, घट्टच बसवलंय. आणि ताई, एक सांगू का? माझ्यावर रागावू नका..."

थोड्या वेळाने जावयाच्या खिशातला फोन वाजला. बायको होती. त्याने तेलकट बोटाने स्पीकर लावला आणि फोन छातीवर ठेवला.

"तू काय करतोयस?"

"ब्रेकची हवा काढतोय."

"आई कुठंय?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

"स्टँडवर."

"चाकं?"

"काढलीत."

 मग बायको अतिशय संथपणे बोलू लागली. ती अशी बोलू लागली की जावयाला कानात दडे बसल्यासारखं होई.

"म्हणजे माझी आई बिनचाकाच्या गाडीत बसलीय. तू बाहेर पाय पसरून पडलायस. बरोबर? आता तुझ्या आईचा मला फोन आला होता. ती म्हणते, तू माझ्या आईकडून पाय दाबून घेतोयस. 'जोर लावून' दाबून घेतोयस. वर माझ्या बाबांना बाटलीतून भरायला सांगतोयस, आणि सोडा मागवतोयस."

"अगं, पेडल. पेडलवरचा पाय."

"आणि सोडा?"

जावयाने मान वळवून त्या बाटलीकडे पाहिलं. ती अर्धी रिकामी होती.

"सोडा मी मागितला नव्हता," तो म्हणाला. "आला."

"ते तुझ्या आईला सांग. ती निघालीय."

विहीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई. निवृत्त शाळेतून झाल्या होत्या, पीटीतून नाही. त्यांची स्कूटर फाटकातून आत आली, स्टँडवर लागली, आणि स्कूटरचा आवाज थांबायच्या आत त्यांचा सुरू झाला.

"टिल्लू, बाहेर ये."

टिल्लू हे जावयाचं लहानपणीचं नाव. पुढे तो दारातून वाकून आत जावं लागेल इतका उंच झाला, तरी नाव तेवढंच राहिलं. सासरी ते त्याने आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. तो खालून "आलो, आलो" म्हणेपर्यंत विहीणबाईंनी दोन्ही घोट्यांना धरून त्याला सरळ बाहेर ओढला.

"तोंड उघड. श्वास सोड."

त्याने सोडला. विहीणबाईंनी नाक मुरडलं. "हे काय प्यायलायस?"

"प्यायलो नाही. ब्रेक ऑइल आहे, आई. अंगावर सांडलंय."

"तू गप्प बस." त्या गाडीच्या खिडकीशी गेल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "विहीणबाई, खरं सांगा. संकोच करू नका. या दिवट्याने तुम्हाला पाय दाबायला लावलं?"

"हो ना," सासूबाई सीटबेल्टमधून म्हणाल्या. "दुपारपासून दाबतेय."

विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "हात दुखत असतील तुमचे."

"हात कशाला दुखतील? हात मांडीवरच आहेत. पायच भरून आलाय."

"पाय?"

"उजवा. डाव्याला काही काम नाही यात."

मग सगळा खुलासा झाला. झाला म्हणजे सासूबाईंनी पेडल दाखवलं, जावयाने नट दाखवला, सासऱ्यांनी सोड्याची जबाबदारी घेतली. विहीणबाई ओशाळल्या नाहीत. ती त्यांची पद्धत नव्हती. पण त्यांनी पेडल हाताने दाबून पाहिलं आणि ते दाबताच त्यांचं मनगट जवळजवळ तळापर्यंत गेलं.

"आणि उद्या या गाडीवर परीक्षा?"

 सासूबाईंनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पदराने पुसली. नंतर हळूच, कोणालाच उद्देशून नसल्यासारख्या, म्हणाल्या, "राहू दे. मंगळवारी माणूस येतोच आहे. त्यांनी खूप कष्ट घेतले. माझंच नशीब मऊ."

जावयाला ते ऐकून गाडी अंगावर पडली असती तर बरं, असं वाटलं. त्याला हवा काय करते हे माहीत होतं, द्रव काय करतो हेही माहीत होतं. बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, नटांमधून दुपारभर फसफस झाली होती. तरीही हवा तेवढीच. उलट वाढलेली. निसर्गाने आपले नियम फक्त या अंगणापुरते बदललेत की काय?

"एकदा माझ्यासमोर करून दाखवा," विहीणबाई म्हणाल्या. "दोघंही. नेहमी करताय तसंच."

त्या गाडीच्या बाजूला अशा उभ्या राहिल्या की डोळे फिरवले तर आतला पाय दिसावा आणि वाकलं तर खालचा पाना. जावई खाली गेला.

"पाय दाबा. धरा. सोडला."

सासूबाईंचा पाय विजेसारखा वर आला.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "काय सोडला?"

"नट," जावई गाडीखालून म्हणाला.

"पाय," सासूबाई गाडीतून म्हणाल्या.

दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं.  

"आई," जावयाने विचारलं. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "मी सोडला म्हणालो की तुम्ही दर वेळी पाय काढत होतात?"

"हो. तुम्ही सांगत होतात ना. उलट मला वाटायचं, मला उशीर होतोय, म्हणून मी अजून घाई करायचे."

नट उघडा, आणि वर पेडल सुटलं. म्हणजे नळीने पिचकारीसारखी बाहेरची हवा आत ओढून घेतली. म्हणजे दुपारभर त्याने जेवढी हवा काढली तेवढी परत भरली, आणि ज्या वेळी सासूबाईंनी विशेष चपळाई दाखवली त्या वेळी थोडी जास्तच. जावई पाठीवर पडल्या पडल्या गाडीच्या पोटाकडे बघत राहिला. सासऱ्यांचा तो विनोद नव्हताच. निदान होतं.

"मला एकदा विचारायचं ना, आई. काय सोडायचं म्हणून."

"तुम्हाला कसं विचारणार?" सासूबाई खरोखर चकित होऊन म्हणाल्या. "आणि तुम्ही तरी एकदा वर डोकावून बघायचं, माझा पाय कुठे आहे ते."

"तुमच्या पायाकडे मी कसा बघत बसणार?"

"वा," विहीणबाई म्हणाल्या. "वा वा. काय पण आदर. गाडी भिंतीवर आपटेल पण आदराला धक्का लागायचा नाही." त्यांनी ट्रॅक-पँट न्यायला म्हणून आणलेली पिशवी बॉनेटवर ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. "मैदानावर मी नुसतं 'फिर' म्हटलं तर अर्धी मुलं डावीकडे फिरतील, अर्धी उजवीकडे, आणि एक घरी जाईल. हुकूम पुरा द्यायचा. आणि करणाऱ्याने, केलं की, काय केलं ते ओरडून सांगायचं. पाय असेल तर पाय म्हणायचं, नट असेल तर नट. अर्धा शब्द बोलायचा नाही. विहीणबाई, म्हणा. पाय दाबला."

"पाय दाबला," सासूबाई म्हणाल्या.

"मला ऐकू आलं नाही."

"पाय दाबला."

"त्याच्या कानात ऑइल गेलंय. ओरडा."

सासूबाईंनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग डोळे घट्ट मिटले आणि ओरडल्या. शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. सासरे खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज घरात होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"हां," विहीणबाई म्हणाल्या. "आता करा सुरू."

जावयाने चष्मा स्वच्छ पुसला. सगळ्यात लांबचं चाक, पुन्हा पहिल्यापासून.

"पाय दाबला."

"नट सोडला."

"पाय धरलाय."

"नट बंद."

"पाय सोडला."

नळीत बुडबुडे आले. पहिल्यांदा मोठे, टपोरे. मग बारीक, एकामागे एक. आता ते बाटलीच्या दिशेने जात होते आणि तिकडेच राहत होते. जावयाला ते बघत राहावंसं वाटत होतं. कुंपणापलीकडे मशीन अडखळत चालू झालं. आतापर्यंत "पाय दाबा" ऐकू येत होतं, आता बाई स्वतःच ठणकावून "पाय सोडला" म्हणताहेत. विहीणबाईंनी येऊन चांगलीच कानउघाडणी केलेली दिसते, असा त्या शिवणाऱ्या बाईंचा समज झाला आणि त्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या चाकाला सगळ्यांची लय लागली. लय लागली की माणूस गाफील होतो. जावयाने ऐकायच्या आधीच पाना फिरवायला घेतला.

"अरे टिल्लू, थांब," गाडीतून आवाज कडाडला. "माझा पाय वर आहे अजून."

पाना थांबला. विहीणबाई बघत राहिल्या. सासरे बघत राहिले. सासूबाईंना आपण काय बोललो ते ऐकू आलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"चुकलं हं माझं, जावईबापू. तोंडातून निघून गेलं."

"नाही, आई," जावई गाडीखालून म्हणाला. तो हसत होता, पण ते कोणाला दिसलं नाही. "बरोबर बोललात. थांबलो. सांगा तुम्ही."

सासूबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी पेडल दाबलं. "दाबला पाय. सोड आता नट. नीट सोड, घाई करू नकोस."

शेवटच्या चाकापर्यंत नळीतून येणारं ऑइल काचेसारखं सलग झालं. जावयाने सगळे नट घट्ट केले, सगळे जोड पुन्हा पुसून पाहिले, डबी भरून झाकण लावलं. मग सासूबाई उतरल्या आणि सासरे पुढे झाले. त्यांनी कोणाला न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबलं. पेडल थोडं गेलं आणि अडलं. त्यांनी जोर लावला. पेडल हललं नाही. इंजिन सुरू करून दाबलं, धरून ठेवलं. जिथे होतं तिथेच.

"हं," सासरे म्हणाले.

चाकं बसवून गाडी खाली उतरवल्यावर जावयाने ती अंगणातल्या अंगणात हळूहळू फाटकापर्यंत नेली आणि थांबवली, पुन्हा नेली आणि थांबवली. दर वेळी गाडी जिथे सांगावं तिथे उभी राहिली. मग सासूबाईंनी नेली. त्या उजेड असेपर्यंत नेत राहिल्या. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "बास. फाटक घाबरलंय."

दुसऱ्या दिवशी जावयाने रजा टाकली. परवान्याच्या ऑफिसमागे एक मैदान होतं, त्यात चुन्याने आखलेले रस्ते, एक चढ, आणि कडेला लोखंडी कठडा. कठड्याला टेकून सासरे आणि जावई उभे राहिले. सासूबाई गाडीत, शेजारी मांडीवर फळी घेतलेले तपासनीस. गाडी निघाली, वळली, चढावर गेली. चढावर मधोमध थांबवायचं होतं. तपासनिसांनी खूण केली. दोघांनी कठडा घट्ट धरला. गाडी चढावर थांबली, आणि खिळा ठोकल्यासारखी थांबली. एक बोटभरही मागे आली नाही.

पण त्याच वेळी तपासनिसांचे दोन्ही हात गाडीच्या छताला टेकलेले दिसले.

"काय झालं हो?" सासरे म्हणाले. "आपटले काय?"

जावयालाही कळेना. गाडी पुढे गेली, वळली, पुन्हा थांबली. तपासनीस पुन्हा दचकले. फेरी पुरी करून गाडी कठड्याशी येऊन उभी राहिली. तपासनीस उतरले, रुमालाने कपाळ पुसलं, आणि जावयाकडे आले.

"तुम्ही यांचे कोण?"

"जावई."

"गाडी उत्तम चालवतात. ब्रेक तर, या वयाच्या गाडीला असे ब्रेक मी पाहिले नाहीत. पास केलंय मी त्यांना." मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक विचारू? ब्रेक मारायच्या आधी त्या 'पाय दाबला' म्हणून एवढ्या मोठ्याने का ओरडतात? पहिल्यांदा मी माझेच पाय वर घेतले."

"नवीन आहेत," जावई म्हणाला. "सवय सुटेल."

"सुटू दे लवकर," तपासनीस म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

सासरे तोवर गाडीशी पोचले होते. सासूबाई काच खाली करून बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आलेले, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर, शिकवलेल्या जागी. सासऱ्यांनी खिशातून फोन काढला, गिऱ्हाईकाला लावला, "गाडी विकायची नाही. मालकीणबाई नाही म्हणतात," एवढं बोलून बंद केला. मग ते वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेले, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूने आपल्या गाडीत बसले, आणि मांडीत काय धरावं ते न सुचल्याने बायकोची पर्स धरून बसले.

जावई खिडकीशी गेला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"आई, अभिनंदन."

"अरे, तुझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. "खरंच तुझ्यामुळे. घरी चल, आता गरम चहा करते." आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी आरसा पाहिला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि गाडी काढली.

जावई मागच्या दाराच्या दांड्याला हात लावायच्या बेतात होता. दांडा हातातून निसटला. गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली. तो जागीच उभा राहिला. मग त्याला वाटलं, लक्षात येईल आता त्यांच्या. आणि खरोखरच पुढच्या कोपऱ्यावर गाडीचे लाल दिवे लागले आणि ती थांबली. एकदम, कुठेही न सरकता, दिवे लागताक्षणी. कसे ब्रेक आहेत, पाहा. तो लांब ढांगा टाकत पळत निघाला. डावीकडच्या खिडकीतून सासऱ्यांचा हात बाहेर आला. जावयाने पळता पळता आनंदाने आपलाही हात वर केला, "आलो, बाबा, आलो" म्हणाला.

पण सासऱ्यांचा तो हात बोलावण्यासाठी नव्हता. गाडी डावीकडे वळणार असल्याचा तो इशारा होता, आणि ती वळली.

जावयाने वर केलेला हात जरा वेळ तसाच ठेवला. मग त्याच हाताने समोरून येणाऱ्या बसला थांबायची खूण केली. बस जोरात करकरत, धापा टाकत, थांब्याच्या बरीच पुढे जाऊन उभी राहिली.

"हिच्या नळ्यांत हवा आहे," आत चढता चढता तो कंडक्टरला म्हणाला.

"पुढे सरका," कंडक्टर म्हणाला.